हाफ धाव

बाळ,

तुझा मेसेज दोनदा वाचला. बाबा गेले, म्हणून त्यांच्यासाठी तुला मुंबई मॅरेथॉनची बेचाळीस किलोमीटरची 'फुल'च धावायचीय, एकवीसची 'हाफ' नको. 'बाबांसाठी अर्धी कशी धावू, काका?' हे वाक्य चारदा. उत्तर दोन शब्दांचं आहे: हाफ धाव. तेवढ्यावर तू ऐकणार नाहीस, म्हणून पुढचं लिहितोय.

नऊ आठवडे उरलेत. आजवरची तुझी सगळ्यात लांब धाव चौदा किलोमीटर. आणि उजवी नडगी दुखतेय हे तू अगदी शेवटी, 'बाकी ठीक'च्या आधी, हळूच सरकवलंस. तुझे बाबाही असंच सांगायचे. आठ-बाराच्या गाडीत अकरा वर्षं त्यांच्या शेजारी उभा होतो, मला कळतं.

दम सहा-आठ आठवड्यांत वाढतो. हाडं आणि स्नायूबंध त्या वेगानं तयार होत नाहीत, त्यांना महिने लागतात. आणि तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला स्नायूंत साठवलेली साखर संपत आली, की तिथे कुणाची आठवण कामाला येत नाही.

आणि ही 'अर्धी' काय भानगड आहे? ४२.१९५ हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमधला. विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांपर्यंत अंतर तेवढं भरलं, आणि १९२१ मध्ये तेच कायम केलं. तुझ्या ठाण्याच्या बाबांचा त्याच्याशी काय संबंध? तू नवस बोलल्यासारखी बोलतेस. जितका त्रास जास्त, तितकं प्रेम जास्त. अगं, हा नवस नाही.

देणगीचं म्हणशील, तर पैसे बिबला, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदाला नाही, संस्थेला मिळतात. मॅरेथॉनच्या देणग्यांचं काम बघणाऱ्या युनायटेड वेमार्फत ते तू ज्या संस्थेसाठी गोळा करतेयस तिच्याकडे जातात, मग तू बेचाळीस धाव, एकवीस धाव, नाहीतर ड्रीम रन या छोट्या, हौशी धावेत गप्पा मारत चाल. कुणी अर्धे परत मागणार नाही.

मी २०११ साली फुल धावायला उतरलो. आई जाऊन पाच महिने झाले होते, तयारी दहा आठवड्यांची. घरच्यांनी अडवलं, मी ऐकलं नाही. (ते बरोबरच केलं असं अजूनही अधूनमधून वाटतं. तेव्हा घरात बसून राहिलो असतो तर माझं काय झालं असतं कोण जाणे. पण हे तुला लागू नाही. तुला मी विचारायला आहे, मला कुणी नव्हतं.)

आईचा रंगीत फोटो छापून घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि चार सेफ्टी पिनांनी छातीवर लावला. मरीन ड्राइव्हवर अंधारात लोक टाळ्या वाजवत होते, मी डोळे पुसत सुसाट सुटलो. सी लिंकपर्यंत घाम पिशवीत शिरला. वरळीला परत येईपर्यंत शाई ओघळून तिचं कुंकू हनुवटीपर्यंत आलं होतं. हाजी अलीला दोन्ही पोटऱ्या वळल्या. समोर पेडर रोडचा चढ. दमलेल्यांना गोळा करत मागून येणाऱ्या बसमध्ये चढलो आणि तो फोटो खिशात कोंबला.

संध्याकाळी देणगी दिलेल्या सगळ्यांना कळवलं, 'झाली.'

मावशीनं पेन्शनमधून पाचशे एक दिले होते. ती म्हणाली, पदक दाखव. वर्षभर टाळलं. पुढच्या जानेवारीत हाफ धावलो आणि ते पदक तिच्या हातात ठेवलं. तिनं उलटसुलट करून पाहिलं, देव्हाऱ्यात ठेवलं आणि विचारलं, "आईचा फोटो लावला होतास ना?" त्या वेळी नव्हता लावला. हो म्हणालो. म्हणजे दोन वेळा खोटं बोललो, आणि दोन्ही त्या फुलपायी.

म्हणून हाफ धाव. चढ हवाच असेल तर पेडर रोड हाफमध्येही आहे, पण तिथे तू स्वतःच्या पायांवर पोचशील. फुल पुढच्या वर्षी कर, त्याच्या पुढच्या वर्षी कर, मी बरोबर येईन. माझीही राहिलीच आहे.

बिबवर 'बाबा' लिहायचं असेल तर मार्कर पाण्यानं न पुसला जाणारा घे.

आधी नडगी डॉक्टरला दाखव. तोवर धावणं बंद. रविवारी पावणेसहाला उपवन तलावावर ये, नुसतं चालू. येताना आईलाही आण, ती तीन महिने घराबाहेर पडलेली नाही असं तूच लिहिलंयस.

काका