खाज, गोळी आणि पांढरी रेघ

प्रश्न : गेली चार वर्षं कोपरांच्या खोबणीत इसब आहे. बहिणीच्या अंगावर पित्त उठतं तेव्हा अ‍ॅलर्जीच्या गोळीने तिची खाज बसते. तीच गोळी मला नुसती गुंगी आणते. शिवाय खाजवलं की इसबावर पांढरी रेघ उमटते. माझ्या अंगात रक्त कमी आहे का?

उत्तर : नाही, ही रेघ अंगात रक्त कमी असल्याची खूण नाही, ती धास्ती आधी मनातून काढा. इसबाचा पेशंट समोर बसला की मीही पेनाच्या टोपणाने त्याच्या कातडीवर रेघ ओढते आणि मिनिटभर बघत राहते. एरवी, म्हणजे इसब नसलेल्या माणसात, ती रेघ लाल होते, भोवती लाली पसरते, मग रेघ फुगते. ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुईस यांनी १९२७ मध्येच या तीन पायऱ्या मांडल्या होत्या. कातडीतल्या पेशींमधून हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं, रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी झिरपतं आणि खाज सुटते. बहिणीच्या पित्तात हेच घडतं, म्हणून हिस्टामिनला अडवणारी गोळी तिला लागू पडते.

तुमची खाज मुख्यतः दुसऱ्याच रसायनांची. दाहातल्या टी पेशी, म्हणजे रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, इंटरल्युकिन-३१ हे पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन सोडतात, ते थेट खाजेच्या नसांना डिवचतं. त्याच जातीची इंटरल्युकिन-४ आणि १३ त्या नसा इतक्या हळव्या करून ठेवतात की बाहीचा खरखरीत काठ लागला तरी हात तिकडे जातो. नखाने दुखावलेल्या पेशी दाह आणखी भडकवतात. रक्तवाहिन्यांची तऱ्हाही निराळी : इसबात त्या आधीच रुंदावलेल्या, म्हणून चट्टा लाल, पण ओरखडा बसला की बारीक वाहिन्या आखडतात आणि तेवढी रेघ पांढरी दिसते.

तेव्हा गोळ्या मनाने वाढवू नका, कळकळीने सांगते. स्टेरॉइडचं मलम ही रसायनं दाबतं, रक्तवाहिन्याही आखडवतं. ते घाबरत घाबरत ठिपक्याएवढं लावणारे फार भेटतात, आणि मग गुण येत नाही. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेलं मलम बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. किती जोराचं आणि किती दिवस, हे मात्र डॉक्टरांनी चट्टा पाहूनच ठरवायचं. एवढ्यानेही आटोक्यात न येणाऱ्या इसबासाठी इंटरल्युकिन-४ आणि १३ यांना रोखणारं ड्युपिलुमॅबचं इंजेक्शन आहे. अमेरिकेत त्याला २०१७ मध्ये मान्यता मिळाली. खाज थांबली तरी चट्टा हाताला जाड लागत असेल, तर दाह आत शिल्लक आहे; मलम आपणहून बंद करू नका.