जंतू नसताना ताप, रक्ताचे नाते नसताना मूत्रपिंड

गंभीर अपघात आणि अवयव प्रत्यारोपण या विषयांवरील पत्रांना एरवी आम्ही वेगवेगळ्या अंकांत उत्तरे दिली असती. या वेळी ती मुद्दाम एकत्र घेतली आहेत, कारण दोन्हीकडच्या शंकांच्या मुळाशी शरीराची एकच प्रतिक्रिया आहे : दाह, म्हणजे इजा किंवा जंतू जाणवताच प्रतिकार यंत्रणेने दिलेला प्रतिसाद.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला अपघातात मांडीचे व कमरेचे हाड मोडून मोठी दुखापत झाली. दुसऱ्या दिवसापासून त्याला ताप आहे, नाडी जलद चालते, पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत आणि सीआरपीचा (दाहात रक्तात वाढणाऱ्या एका प्रथिनाचा) आकडाही बराच मोठा आला आहे. तरीही रक्तात जंतू सापडले नाहीत, म्हणून डॉक्टर प्रतिजैविके वाढवायला तयार नाहीत. जंतू नाहीत, तर मग हे सारे कशामुळे?

उत्तर : संसर्ग आणि दाह या गोष्टी आपण सवयीने एकच धरतो. प्रत्यक्षात दाह संसर्गाशिवायही होतो आणि मोठ्या दुखापतीनंतर तो जवळजवळ अटळ असतो. जंतूंच्या अंगावरचे काही ठरावीक रेणू ओळखणारे ग्राहक आपल्या पांढऱ्या पेशींवर असतात. ज्यूल्स हॉफमन यांनी १९९६ मध्ये फळमाशीत आणि ब्रूस ब्यूटलर यांनी १९९८ मध्ये उंदरात या ग्राहकांचे काम दाखवून दिले. २०११ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा भाग या दोघांना मिळाला. पुढे असे लक्षात आले की हेच ग्राहक आपल्याच फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणाऱ्या पदार्थांनाही प्रतिसाद देतात. पेशी शाबूत असते तोवर हे पदार्थ तिच्या आत बंद असतात. ते बाहेर दिसू लागले की कुठेतरी मोडतोड झाली आहे, एवढी खूण प्रतिकार यंत्रणेला कामाला लागण्यासाठी पुरते.

यांत तंतुकणिकांची गोष्ट सर्वांत विलक्षण आहे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या कणिका अतिप्राचीन काळी स्वतंत्र जिवाणू होत्या आणि त्यांच्या डीएनएमध्ये व प्रथिनांत त्या वंशाच्या खुणा आजही आहेत. हाड मोडून आजूबाजूचा स्नायू चिरडला गेला की त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात. गंभीर जखमींच्या रक्तात तंतुकणिकांचा डीएनए वाढलेला असतो आणि ही द्रव्ये पांढऱ्या पेशींना जिवाणूंप्रमाणेच चेतवतात, असे २०१० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. जंतूंवाचून जंतुसंसर्गाचे चित्र उभे राहते, ते असे.

ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर, नाडी मिनिटाला ९० च्या वर, श्वास मिनिटाला २० च्या वर, पांढऱ्या पेशी रक्ताच्या घनमिलीमीटरला १२,००० च्या वर, यांपैकी कोणतीही दोन लक्षणे असली तर त्याला शरीरव्यापी दाह म्हणावे, असा निकष १९९१ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांच्या एका परिषदेने ठरवला होता. गंभीर जखमींपैकी पुष्कळांना तो लागू पडतो आणि म्हणूनच एकट्या त्यावरून संसर्ग ठरवता येत नाही. सीआरपीचेही तसेच आहे. हे प्रथिन यकृत तयार करते. दुखापतीनंतर काही तासांत ते वाढू लागते आणि साधारणतः दोन ते तीन दिवसांत शिखर गाठते. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तो चढतो आहे की उतरतो आहे, हे अधिक बोलके असते. उतरू लागलेला ताप किंवा आकडा पुन्हा चढला, जखमेतून स्राव येऊ लागला, रक्तदाब घसरला किंवा रुग्ण गुंगीत जाऊ लागला, तर मात्र संसर्गाचा शोध नव्याने घ्यावाच लागतो.

तो घ्यावा लागण्याचे आणखी एक कारण आहे. पूर्वी असे मानत असत की आधी दाहाची लाट येते आणि ती ओसरल्यावर प्रतिकारशक्ती मंदावते. गंभीर जखमींच्या पांढऱ्या पेशींतील जनुकांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक जनुकांचे काम बदललेले आढळले आणि दाह वाढवणारे व प्रतिकार मंदावणारे बदल एकाच वेळी सुरू झालेले दिसले. तापाने फणफणलेला जखमी माणूस त्याच वेळी न्यूमोनियासारख्या संसर्गापुढे दुबळाही झालेला असतो. अतिदक्षता विभागातील हात धुण्याचे आणि भेटीच्या वेळांचे नियम नातेवाइकांना जाचक वाटतात. परंतु ते अशाच रुग्णांसाठी आहेत.

प्रश्न : दाहामुळेच फुप्फुसे व मूत्रपिंडे निकामी होतात असे वाचले. मग जखमी माणसाला लगेच स्टेरॉइड देऊन दाह दाबून का टाकत नाहीत?

उत्तर : हा तर्क बिनतोड वाटतो आणि डॉक्टरांनाही तो कित्येक वर्षे तसाच वाटत होता. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना मेंदूची सूज उतरावी म्हणून अनेक ठिकाणी स्टेरॉइड दिली जात असत. शेवटी 'क्रॅश' या आंतरराष्ट्रीय चाचणीत १०,००८ प्रौढ रुग्णांवर ही गोष्ट तपासली गेली. तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले : स्टेरॉइड दिलेल्या गटात दोन आठवड्यांत २१.१ टक्के रुग्ण दगावले, तर न दिलेल्या गटात १७.९ टक्के. चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबवण्यात आली आणि ती पद्धत मोडीत निघाली. वैद्यकातील सुबक तर्कांकडे जरा संशयाने पाहायला शिकवणारी याहून चांगली चाचणी मला ठाऊक नाही.

जो दाह अवयव बिघडवतो, तोच मृत ऊती साफ करतो आणि जखम भरून आणण्याची सुरुवात करतो. त्यामुळे उपचारांचा रोख दाह दाबण्यापेक्षा त्याला मिळणारे खाद्य कमी करण्याकडे असतो. रक्तस्राव लवकर थांबवणे, मेलेले स्नायू काढून टाकणे, ऊतींना प्राणवायू पोहोचेल असे पाहणे, आणि रुग्ण अस्थिर असताना लांबलचक शस्त्रक्रिया न करता हाड तात्पुरते बाहेरून स्थिर करून ठेवणे, हे सारे त्यासाठीच असते. आधीच चेतलेल्या शरीराला शस्त्रक्रिया हा दुसरा आघात ठरतो.

प्रश्न : माझ्या पतीला मी मूत्रपिंड देणार आहे. आमचे रक्ताचे नाते नाही आणि ऊतींची जुळणीही फारशी नाही, तरीही डॉक्टर समाधानी आहेत. मेंदूमृत दात्याचे, अधिक जुळणारे मूत्रपिंड मिळेपर्यंत थांबावे का?

उत्तर : तुमच्या प्रकृतीची तपासणी समाधानकारक असेल, तर केवळ जुळणीसाठी थांबण्याचे कारण नाही.

जुळणीला महत्त्व आहेच. पीटर मेडावर आणि टॉमस गिब्सन यांनी १९४३ मध्ये ग्लासगो येथे भाजलेल्या एका स्त्री रुग्णाच्या अंगावर तिच्या भावाची त्वचा लावली, ती गळून पडली. दुसऱ्यांदा लावली, ती आणखी लवकर गेली. शरीर परकेपणा लक्षातही ठेवते, हे त्यातून उलगडले. १९५४ मध्ये बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी केलेले मूत्रपिंड प्रत्यारोपण टिकले, कारण दाता आणि रुग्ण हे एकसारखे जुळे भाऊ होते. परंतु १९९५ मध्ये पॉल तेरासाकी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील नोंदी तपासल्या, तेव्हा पती किंवा पत्नीने दिलेल्या मूत्रपिंडांपैकी ८५ टक्के तीन वर्षांनंतर काम करत होती. आईवडिलांनी दिलेल्यांत हे प्रमाण ८२ टक्के आणि मृत दात्यांकडून आलेल्यांत ७० टक्के होते. पतिपत्नींची जुळणी तर मृत दात्यांपेक्षाही कमी होती. तेव्हाच्या मानाने आज सर्वच आकडे सुधारले आहेत. जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे पारडे मात्र अजूनही जड आहे.

हा फरक अवयवाच्या प्रवासातून येतो. मेंदू मृत होताना दात्याच्या शरीरात दाहकारक द्रव्यांचा लोंढा उठतो आणि मूत्रपिंड काढण्यापूर्वीच त्याची झळ खाते. त्यानंतर ते सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानात रक्ताविना कित्येक तास राहते. सर्वाधिक इजा होते ती नव्या शरीरात रक्त पुन्हा सुरू होण्याच्या क्षणी : एकाएकी आलेल्या प्राणवायूमुळे तंतुकणिकांत मुक्त मूलके (पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू) तयार होतात, पेशी फुटतात आणि पहिल्या उत्तरात सांगितलेली तीच द्रव्ये बाहेर पडतात. ती रुग्णाच्या पांढऱ्या पेशींना जागे करतात, आणि जाग्या झालेल्या पेशी अवयवाचा परकेपणा अधिक त्वेषाने ओळखतात. वॉल्टर लँड यांनी १९९४ मध्ये म्युनिकहून प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, रक्त सुरू करताना मुक्त मूलके निष्प्रभ करणारे विकर (एन्झाइम) दिलेल्या रुग्णांत अवयव नाकारला जाण्याच्या तीव्र घटना कमी झाल्या. ते विकर पुढे नित्याच्या वापरात आले नाही, पण इजा आणि नकार यांचे नाते त्यामुळे ठळक झाले. तुमचे मूत्रपिंड निरोगी शरीरातून निघून थोड्याच वेळात पतीच्या शरीरात रक्त घेऊ लागेल, हीच तुमची मोठी जमेची बाजू आहे.

तुमच्या पतीच्या रक्तात तुमच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे (परक्या पेशींवर हल्ला चढवणारी प्रथिने) नाहीत ना, याची चाचणी मात्र टाळता येत नाही. (उलट दिशेने, म्हणजे पतीकडून पत्नीला मूत्रपिंड देताना, ही चाचणी आणखी बारकाईने पाहतात, गरोदरपणात पत्नीच्या शरीरात पतीच्या ऊतींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असू शकतात.) आणि ज्यांना जिवंत दाता नाही, त्यांनी वरील आकड्यांनी खचू नये : मृत दात्याचे मूत्रपिंडही बहुतेक रुग्णांना डायलिसिसपेक्षा दीर्घ आयुष्य देते.

प्रश्न : प्रत्यारोपणानंतर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) उत्तम आहे. अवयव नाकारला जाऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या कमी करून प्रतिकारशक्ती वाढवणारे काही घ्यावे का?

उत्तर : दोन्ही करू नये. क्रिएटिनिन उत्तम आहे ते गोळ्यांमुळेच, आणि ते वाढलेले दिसते तेव्हा नुकसान बरेचसे होऊन गेलेले असते.

प्रश्न : प्रत्यारोपण झालेल्या माणसाला अपघात झाला, तर उपचार करणाऱ्यांना काय सांगावे?

उत्तर : सर्वांत आधी प्रत्यारोपण झाल्याचे सांगावे, कारण प्रतिकार दाबणाऱ्या गोळ्यांमुळे अशा रुग्णात संसर्ग असूनही ताप व सूज फारशी दिसत नाही. स्टेरॉइड चालू असेल तर ते एकाएकी बंद होता कामा नये. दीर्घ काळ ते घेतल्याने शरीराची स्वतःची स्टेरॉइडची निर्मिती मंदावलेली असते आणि आघाताच्या वेळी उलट मात्रा वाढवावी लागू शकते. नकार रोखणाऱ्या औषधांपैकी सिरोलिमस जखम भरणे लांबवते. क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकामुळे टॅक्रोलिमस या तशाच औषधाची रक्तातील पातळी वाढते, तर रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकामुळे घटते. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके मूत्रपिंडाला त्रासदायक ठरतात. औषधांची नावे, मात्रा आणि प्रत्यारोपण केंद्राचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवावे आणि त्याची एक प्रत घरातील दुसऱ्या व्यक्तीकडे द्यावी.