ताई, गाण्याने तो बोलायला लागेल का? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात म्युझिक थेरपीचा विषय निघाला आणि मग पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप सगळीकडून यायला लागलं. सगळी छापणं शक्य नाही, पाच घेतलीत. काही पत्रं खूप मोठी होती, ती थोडी कापली आहेत, राग मानू नका.

ताई, माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, अजून बोलत नाही. पण टीव्हीवरच्या मालिकांची टायटल साँग्ज एकदम सुरात गुणगुणतो. इथल्या एका सेंटरने सांगितलं की राग थेरपीने वाचा येते, तीस हजारांचं पॅकेज आहे, सोबत पेनड्राइव्ह देतात तो रोज झोपताना लावायचा. सासूबाई म्हणतात स्पीच थेरपी बंद करून हेच करू. काय करू? (एक आई, नाशिक)

पैसे भरले नसतील तर अजून भरू नका, आणि स्पीच थेरपी अजिबात बंद करू नका, हे आधी सांगते मग बाकीचं.

पेनड्राइव्हवरचं गाणं लावून ठेवणं याला म्युझिक थेरपी म्हणत नाहीत. ते गाणं ऐकणं झालं, चांगलंच आहे, मलाही आवडतं, पण त्याचे तीस हजार कशाला. अमका राग लावला की तमका आजार बरा, असे तक्ते मलाही रोज कोणीतरी फॉरवर्ड करतं, आणि अमका राग ऐकून मुलाला वाचा येते याला काही पुरावा नाही. मोझार्ट ऐकवलं की मुलं हुशार होतात हेही त्याच जातीचं. 1993 साली तो प्रयोग झाला तो 36 कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर, बाळांवर नव्हेच, आणि जो काय फरक दिसला तो दहा-पंधरा मिनिटं टिकला, एवढ्यावर जगभर सीड्या विकल्या गेल्या.

खऱ्या थेरपीत दोन माणसं लागतात. तुमचा मुलगा आणि समोर एक जण जो त्याच्याबरोबर वाजवतो. मुलगा टेबलावर तीनदा थापटतो, समोरचा ड्रमवर तेच तीन ठोके परत देतो, मुलगा थांबतो, बघतो, परत थापटतो. म्हणजे एकदा तू एकदा मी सुरू झालं, आणि बोलण्याचा पाया तोच असतो, शब्द नंतर येतात. 1959 च्या सुमारास इंग्लंडमध्ये सनफिल्ड नावाच्या संस्थेत पॉल नॉर्डॉफ हा अमेरिकन संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हा तिथला स्पेशल शिक्षक या दोघांनी अशीच सुरुवात केली. मूल किंचाळत रडत असेल तर त्याला गप्प न करता नॉर्डॉफ त्या रडण्याच्याच सुराला धरून पियानो वाजवायचा, आणि मुलाच्या लक्षात यायचं की अरे, हे माझ्याशी चाललंय. आज जगात नॉर्डॉफ-रॉबिन्स या नावाने ही पद्धत शिकवतात.

आता याने बोलेल का. खरं सांगायचं तर खात्री कोणीच देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्याकडे जाऊ नका. 2017 मध्ये नऊ देशांतल्या 364 ऑटिस्टिक मुलांवरचा मोठा अभ्यास आला, चार ते सात वर्षांची मुलं, पाच महिने सेशन्स, आणि नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सामाजिक लक्षणांत वेगळा असा फरक दिसला नाही. मग 2022 मध्ये कॉक्रेन या, उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने 26 अभ्यास, 1165 लोक एकत्र घेऊन पाहिलं तेव्हा एकूण सुधारणा होण्याची शक्यता वाढते, जगण्याचा दर्जा बरा होतो असं निघालं, पण शब्दांनी बोलण्यावर स्पष्ट परिणाम दिसला नाही. म्हणजे फायदा आहे, पण पॅकेजवाले म्हणतात तो नाही.

मग त्याच्या गुणगुणण्याचं काय करायचं? ते सोनं आहे ताई, फुकट घालवू नका. तो जे टायटल साँग गुणगुणतो तेच तुम्ही त्याच्याबरोबर म्हणा, आणि शेवटच्या शब्दाआधी थांबा. ओळ अर्धी सोडा, चेहऱ्याकडे बघा, पाच-सात सेकंद गप्प राहा, आपल्याला ती शांतता सहन होत नाही आणि आपणच शब्द भरतो, तो मोह आवरा. त्याने आवाज काढला, हात हलवला, नुसतं बघितलं तरी लगेच ओळ पूर्ण करा. हे स्पीच थेरपिस्टना सांगून त्यांच्यासोबत करा.

आणि सेंटरमध्ये जायचंच असेल तर विचारा की तुमचं प्रशिक्षण कुठे, किती काळाचं, माझ्या मुलाचं ध्येय काय लिहिणार, ते तीन महिन्यांनी कसं मोजणार, मला सेशनला बसू देणार का. ब्रिटनमध्ये म्युझिक थेरपिस्ट म्हणवून घ्यायला एचसीपीसी या सरकारी मान्यतेच्या संस्थेकडे नोंदणी लागते, आपल्याकडे तसं बंधन नाही, कोणीही बोर्ड लावतो, म्हणून हे प्रश्न आपल्यालाच विचारावे लागतात. बसू देणार नाही म्हणाले तर उठून या.

नात आठ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, दोन्ही पायांत ताठरपणा. वॉकर धरून चालते पण कंटाळा करते. मी भजनात ढोलकी वाजवतो. ती चालताना मी वाजवली तर बरं पडेल का की उगाच पोरखेळ? (एक आजोबा, कोल्हापूर जिल्हा)

आजोबा नमस्कार. पोरखेळ मुळीच नाही, उलट तुमच्या पत्राने मी इतकी खूश झाले की घरात वाचून दाखवलं.

याला शास्त्रीय भाषेत रिदमिक ऑडिटरी स्टिम्युलेशन म्हणतात, मायकल थॉट यांनी अमेरिकेत यावर पुष्कळ काम केलं, आधी पक्षाघात आणि पार्किन्सनच्या पेशंट्सवर, मग सेरेब्रल पाल्सीच्या मुलांवरही इतरांनी करून पाहिलं. ठेका सारखा पडत राहिला की पुढचा ठोका कधी येणार हे मेंदूला आधीच कळतं, आणि पाय त्या ठोक्याची तयारी आधीपासून करतो. तुम्हाला हे सांगायला नको, भजनात सम येणार हे ऐकणाऱ्याच्या मानेलाही कळतं.

पण घाई करू नका. आधी फिजिओथेरपिस्टना विचारा. मग ढोलकी बाजूला ठेवून ती आपल्या आपण चालते तेव्हा एका मिनिटात किती पावलं पडतात ते मोजा, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा. समजा चाळीस पडतात, तर सुरुवात चाळीसनेच, तिच्या चालीला तुम्ही जुळवून घ्यायचं, तिने तुमच्या ढोलकीला नाही. ती त्यात रमली की पाच-दहा टक्के वाढवा, म्हणजे बेचाळीस-चव्वेचाळीस, त्याहून जास्त नको. मोबाइलवर मेट्रोनोमचं फुकट अॅप येतं ते समोर ठेवा, कारण तुम्ही कसलेले वादक, रंगात आलात की लय चढणार हे नक्की.

ठेका केरव्याचा साधा घ्या, आठ मात्रा, पहिल्या मात्रेला एक पाऊल आणि पाचवीला दुसरं, सरळ बसतं. भजनी ठेका पण चालेल. तिहाई, लग्गी, उठाण असली सजावट काही नको, तुमचा हात शिवशिवेल तरी नको. आणि अचानक जोरात थाप नको. सेरेब्रल पाल्सीच्या बऱ्याच मुलांना आवाजाने दचकायला होतं, अंग एकदम ताठतं, वॉकरवर असताना ते धोक्याचं. पाय कात्रीसारखे एकमेकांवर यायला लागले किंवा टाचा जास्त उचलायला लागली तर वेग जास्त झालाय, थांबा.

अजून एक, तिला नुसतं चालायला लावू नका, वाजवायलाही द्या. डफली हातात न देता तुम्ही धरा, तिच्या खांद्याच्या थोडी वर आणि थोडी लांब, म्हणजे वाजवायला हात पूर्ण सरळ करावा लागेल. फिजिओवाले जे दहा वेळा कर म्हणून सांगतात ते ती आपणहून चाळीस वेळा करेल.

आमच्या मुलीला कॉक्लियर इम्प्लांट होऊन दीड वर्ष झालं, ती आता चारची आहे. बोलणं छान येतंय. पण गाणं लावलं की कान झाकते नाहीतर निघून जाते. लोक म्हणतात बहिऱ्या मुलीला गाणं कशाला. (एक वडील, पिंपरी)

लोकांना म्हणावं, एव्हलिन ग्लेनी कोण ते जरा बघा. स्कॉटलंडची बाई, बाराव्या वर्षापर्यंत ऐकू येणं जवळजवळ गेलं, आणि जगातल्या मोठ्या तालवादकांपैकी एक झाली, अनवाणी वाजवते, कंपनं पायातून घेते.

पण तुमच्या मुलीचा प्रश्न वेगळा आहे. आपल्या कानात आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी साधारण साडेतीन हजार असतात. इम्प्लांटमध्ये, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवलेल्या यंत्रात, कंपनीप्रमाणे 12 ते 22 इलेक्ट्रोड, म्हणजे नसेला विजेचे संकेत देणारी टोकं. बोलणं समजायला एवढं पुरतं, म्हणून तिची भाषा छान येतेय. पण सूर, म्हणजे हा सा आणि हा रे हा बारीक फरक, त्यातून नीट पोचत नाही. ताल मात्र जवळजवळ तुमच्या-आमच्याइतकाच कळतो. तेव्हा वीस वाद्यांचा ऑर्केस्ट्रा असलेलं सिनेमाचं गाणं तिला नुसता कल्लोळ वाटत असणार, मग कान झाकते यात नवल काय.

स्पीकर बंद करा आणि स्वतः गा. बेसूर असाल तर उत्तम, तिला तसंही फरक पडत नाही (हे मी सगळ्याच बाबांना सांगते, ते फार लाजतात). एक आवाज, सोबत एकच वाद्य, टाळी किंवा खंजिरी. टाळ्यांची बडबडगीतं, ज्यात शब्द आणि हात बरोबर चालतात. तिला ओठ दिसू देत. तीच दोन-चार गाणी महिनाभर, नवीन रोज नको. मॅपिंगला, म्हणजे इम्प्लांटचं सेटिंग करून घ्यायला, जाल तेव्हा ऑडिओलॉजिस्टना विचारा, काही प्रोसेसरमध्ये (इम्प्लांटचा बाहेर घालायचा भाग) संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम ठेवता येतो, आणि मुख्य म्हणजे ती कान झाकते हे त्यांना सांगाच, कधीकधी सेटिंग तिला जास्त होत असतं. ते तपासल्याशिवाय बाकी काही करू नका.

मुलगा 11 वर्षांचा, ऑटिझम. आमच्या गल्लीत गणपतीची ढोल-ताशाची प्रॅक्टिस सुरू झाली की तो डोकं आपटतो. म्युझिक थेरपीने ही सवय जाईल का? (पुणे)

ही सवय नाही हो, त्याला तो आवाज दुखतो. पथकाच्या शेजारी शंभर डेसिबलच्या वर सहज जातं, आणि जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी आठवड्याला 40 तास 75 डेसिबल ही सुरक्षित मर्यादा सांगते, म्हणजे न दुखणाऱ्याच्या कानालाही ते वाईटच.

इयरमफ घ्या, कारखान्यात कानावर लावतात तसले, लहान मापात मिळतात, आणि प्रॅक्टिस सुरू व्हायच्या आधी घालायचे, नंतर नाही. पथकाच्या मुलांशी बोला, वेळ विचारून घ्या, तो तक्ता घरात त्याला दिसेल असा लावा. बरीच पथकं ऐकतात, नाही ऐकलं तर आवाजाचे नियम आहेत, रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. थेरपिस्टबरोबर हळूहळू काम करता येतं, ढोलाचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात आणि व्हॉल्यूमचं बटण त्याच्याच हातात, पण ते जानेवारीत सुरू करायचं काम आहे, ऑगस्टमध्ये नाही. डोकं आपटणं मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला, वाट बघू नका.

माझा भाऊ 24 वर्षांचा, डाऊन सिंड्रोम. दोन वर्षं म्युझिक थेरपीला नेतोय, आठवड्याला एक सेशन. त्याला खरं तर गावातल्या भजनी मंडळात टाळ वाजवायचाय. मंडळवाले म्हणतात ठेका चुकवतो, आधी थेरपीत शिकून येऊ दे. किती दिवस लागतील? (एक बहीण, सातारा जिल्हा)

थेरपी पुरे झाली ताई. त्याला मंडळात बसवा.

मी हा व्यवसाय करते आणि तरी हे लिहितेय. चोवीस वर्षांच्या माणसाला टाळ वाजवायचाय, ही काही लक्षणं नाहीत ज्यांच्यावर उपचार करायचे. आपल्या मुलांचं काहीही असलं की त्याच्यापुढे थेरपी शब्द जोडतो, बागकाम केलं तर हॉर्टिकल्चर थेरपी, कुत्रा पाळला तर पेट थेरपी, बाकीच्यांचे मात्र नुसते छंद. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 29 आहे, सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा म्हणून. मंडळाला कायदा दाखवायला जाऊ नका, भांडण होईल, पण तुम्ही स्वतः अपराधी वाटून घेऊ नका एवढ्यासाठी सांगितलं. ठेका चुकवणारे मंडळात आणखी दोन-तीन जण असतील, त्यांना कोणी थेरपीला पाठवत नाही.

आता कामाचं. कान तपासून घ्या, डाऊन सिंड्रोममध्ये कानात पाणी साचून कमी ऐकू येणं खूप असतं आणि मोठेपणीही राहून जातं, ठेका चुकण्याचं अर्धं कारण तिथेच निघू शकेल. बोटं आखूड आणि पकड सैल असते त्यामुळे जड टाळ निसटतो, लहान हलका टाळ आणि दोरी आखूड, हातात बसेल अशी बांधून द्या. मंडळातला सगळ्यात पक्का टाळकरी त्याच्या समोर बसवा, शेजारी नको समोर, म्हणजे हात बघून वाजवेल. सुरुवातीला संथ अभंगालाच, आणि द्रुत लय सुरू झाली की टाळ मांडीवर ठेवून टाळी द्यायची, हे आधी ठरवून सांगा, त्याला ठरलेलं आवडतं असं तुम्हीच पत्रात लिहिलंय.

फक्त एक, दिंडीत पावली, उड्या, मान जोरात हलवणं हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू देऊ नका. डाऊन सिंड्रोममध्ये काही जणांच्या मानेचे वरचे सांधे सैल असतात. ते एकदा विचारून घ्या आणि मंडळातल्या एका जबाबदार माणसाच्या कानावर घालून ठेवा.