लातूरकडच्या गावात रात्री वारा असतो, दुर्बिणीतून दूरच्या दीर्घिकांचे फोटो हलतात. काय करावं?

आधी गच्चीवरून खाली उतरा. वर वारा जास्त, शिवाय दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो आणि प्रतिमा थरथरते. अंगणात किंवा शेतात कडब्याच्या गंजीचा आडोसा घ्या. सलग भिंतीपेक्षा तो बरा, कारण भिंतीवरून येणारा वारा पलीकडं भोवरे करतो. ट्रायपॉडचे पाय पूर्ण आखूड ठेवा, मधोमध वजन टांगा, पुढची दव-नळी (भिंगावर दव पडू नये म्हणून लावलेली नळी) काढा.

खरा फरक एक्स्पोजरनं, म्हणजे एका फोटोसाठी कॅमेरा किती वेळ प्रकाश घेतो त्यानं पडतो. 5 मिनिटांच्या फोटोत एक झुळूक आली की सगळा वाया. त्याऐवजी 30 सेकंदांचे 120 घ्या, हललेले टाकून द्या, उरलेले सॉफ्टवेअरनं एकावर एक रचा (याला स्टॅकिंग म्हणतात). 120 च्या 120 चांगले आले तर तासाभराचा प्रकाश जमतो. 40 गेले तरी 40 मिनिटं हातात राहतात.

सुरुवात देवयानी दीर्घिकेनं करा. ती सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं दूर असली तरी मोठी दिसते, कमी फोकल लांबीतही (म्हणजे चित्र कमी मोठं करणाऱ्या दुर्बिणीतही) छान येते, आणि लांबी कमी तितकं हलणं कमी दिसतं. नोव्हेंबरात संध्याकाळीच ती उंचावर असते. सिंह, कन्या राशींतल्या बारीक दीर्घिका फेब्रुवारी-मार्चच्या शांत रात्रींसाठी राखून ठेवा.