प्रवेशबंदीने छळ थांबतो का?

प्रश्न : परदेशांतील छळकर्त्या अधिकाऱ्यांना व्हिसा नाकारून काय साधते? (एक वाचिका, फोंडा)

उत्तर : करघोटाळा उघड करणारे सर्गेई मॅग्निट्स्की २००९ मध्ये मॉस्कोत कोठडीतच मरण पावले, त्यास जबाबदार ठरवलेल्यांना प्रवेशबंदी करून त्यांची मालमत्ता गोठवण्याचा कायदा अमेरिकेने २०१२ मध्ये केला आणि २०१६ मध्ये त्याची व्याप्ती जगभर वाढवली. युरोपीय संघाने २०२० मध्ये अशीच व्यवस्था स्वीकारली. खरा चटका व्हिसापेक्षा बँकेत बसतो : अमेरिकी यादीत नाव आले की डॉलरमधला व्यवहार करायला बँका धजत नाहीत, मग शाखा पणजीत असो वा दुबईत. इराकवरील सरसकट निर्बंधांत सामान्य माणसे औषधांवाचून होरपळली, म्हणून दोषी व्यक्तीवरच नेम धरणे मला अधिक न्याय्य वाटते. मात्र ज्याचा पैसा व कुटुंब मायदेशातच आहे, त्याला ही बंदी फारशी झोंबत नाही.