एका दिवसात चंद्रपूर पाहणं आणि जुन्या मित्रांना भेटणं, दोन्ही जमेल का?

तुम्ही विचारलंय की दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून सिंदेवाहीजवळ बहिणीकडे येणार आहात, सोबत बायको, दोन मुलं आणि आई आहे. एक दिवस चंद्रपूरला काढायचा, किल्ला दाखवायचा आणि कॉलेजातले दोन मित्र तिथं स्थायिक झालेत त्यांनाही भेटायचं. मी याच भागातला शेतकरी आहे, माझेही वसतिगृहातले दोस्त चंद्रपुरात आहेत, आणि सुट्टीत पोरांना घेऊन हीच चक्कर आमची होत असते. तेव्हा सांगतो.

जमतं. अडचण किल्ल्याची नाही, मित्रांची आहे. पुण्यात 'अर्धा तास बसून निघतो' म्हटलं तर लोक ऐकतात. इकडं चहासोबत पोहे येतात, त्यावर तर्री येते, तेवढ्यात कोणी म्हणतं, "आता जेवाचीच येळ झाली, जेवूनच जा." नाही म्हटलं तर, "काहून बे, आमच्या घरचं चालत नाही काय?" मग वहिनींना कुंकू, ब्लाउजपीस, पोरांच्या हातात नोट. वेकोलि म्हणजे इथल्या कोळसा कंपनीतल्या दोस्ताचं क्वार्टर आणि मास्तर दोस्ताचं घर अशी दोन घरं केली की सूर्य बुडाला समजा. किल्ला मग गाडीच्या काचेतून.

म्हणून मित्रांना परकोटावर, म्हणजे किल्ल्याच्या जुन्या शहराभोवतीच्या दगडी तटबंदीवर बोलवा, त्यांच्या बायकापोरांसकट. फोनवरच सांगून टाका की जेवण एकाच घरी, दुसऱ्याकडं संध्याकाळचा चहा. ज्याच्याकडं फक्त चहा तो फुगेल, पण परकोटावर आला की विसरेल. आणि खरं सांगू? चंद्रपूरचा माणूस परकोटाच्या जटपुरा गेटमधून रोज हॉर्न वाजवत जातो, पण वर दगडात हत्तीवर चढलेला सिंह कोरलाय, गोंड राजांचं ते चिन्ह, ते थांबून पाहिलेले कमीच. तुमच्या निमित्तानं त्याचंही बघून होईल.

सकाळी लवकर पोचा. गाडी नसेल तर गोंदिया-बल्लारशा लाइनीवरची पॅसेंजर चांदा फोर्ट स्टेशनला उतरवते, पण घरात म्हातारं माणूस असलं की मूल गावावरून गाडीनं आलेलं बरं.

परकोटाला चार दरवाजे: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. ही नावं मुलांना आधी सांगून ठेवा. आमच्या पोरांना बाकी इतिहास आठवत नाही, पण चोर खिडकी अन् मसण खिडकी पाठ आहे. बुरुजांवर पूर्वी एवढी झाडंझुडपं माजली होती की वर जाता येत नव्हतं. २०१७ मध्ये इको-प्रो या इथल्या संस्थेच्या पोरांनी हातात कुऱ्हाडी-विळे घेऊन साफसफाई सुरू केली, महिनोन्‌महिने चालवली, त्यामुळं आज बगड खिडकीच्या बाजूनं तटावर चढून चालता येतं. आईंना चढवू नका, पायऱ्या उंच आहेत. त्यांना वहिनींसोबत खाली सावलीत बसवा.

तटावर चालताना सांगायची गोष्ट एकच, सशाची. खांडक्या बल्लाळशहा नावाचा गोंड राजा बल्लारपूरला राहत होता. अंगभर गाठी, कुठलं औषध लागू पडेना. शिकारीला निघाला असता तहान लागली, झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात पाणी दिसलं ते प्यायला, तर गाठी गेल्या. तेच अंचलेश्वराचं ठिकाण. पुढं एकदा त्याच भागात त्याच्या कुत्र्यामागं एक ससा लागला. कुत्र्यामागं ससा, उलटं नाही! ससा जिथून जिथून धावला त्या वाटेवर राणीच्या सांगण्यावरून तट बांधायचं ठरलं. पोरं लगेच विचारतात, "मग ससा इथं वळला होता का?" प्रत्येक बुरुजाला विचारतात. हो म्हणा.

तिथून अंचलेश्वराचं मंदिर आणि त्याला लागून गोंड राजांच्या समाध्या. राणी हिराईनं नवरा बीरशहा याची समाधी इथं बांधली, महाकालीचं मंदिरही तिचंच काम. बाईनं नवऱ्यामागं राज्य सांभाळलं आणि शहराला एवढं देऊन गेली, तरी पर्यटनाच्या पाटीवर तिचं नाव शोधावं लागतं, याचा मला राग येतो. महाकाली जवळच आहे. चैत्रात इथं मराठवाड्यातून, खासकरून नांदेडकडून लाखानं लोक येतात. दिवाळीत मात्र दर्शन निवांत होतं. मूळ देवी खाली भुयारात आहे, वाकून जावं लागतं, गुडघे दुखत असतील तर आईंना वरूनच हात जोडू द्या.

वाटेत जेलसमोरचा पिंपळ दाखवा. वीर बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ ला इथं फाशी दिली. इंग्रजांविरुद्ध उठले तेव्हा पंचविशीतला तरुण होता. माझा मोठा पोरगा इथं प्रश्न विचारायचा थांबला नाही.

जेवणानंतर लालपेठकडं जा, रायप्पाच्या मूर्ती पाहायला. रायप्पा नावाच्या व्यापाऱ्यानं प्रचंड देऊळ बांधायचं मनावर घेतलं, एकेका अखंड दगडात मूर्ती कोरून घेतल्या आणि देऊळ व्हायच्या आधीच तो गेला. मूर्ती तशाच उघड्यावर जमिनीवर आहेत. दहा तोंडांची दुर्गा एवढी अवाढव्य आहे की लोक तिला रावणच म्हणतात. पाट्यांवर फारसं काही मिळणार नाही, गल्लीत कोणालाही विचारा. मला विचाराल तर चंद्रपुरातलं सगळ्यात विलक्षण ठिकाण हेच.

रामाळा तलाव वेळ उरला तर. ताडोबा याच दिवशी घुसवू नका, त्याला वेगळा दिवस लागतो. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत येणार असाल तर हा सगळा बेत विसरा. मे महिन्यात इथला पारा सत्तेचाळीसवर जातो, दगडी तटावर पाय ठेववत नाही.

मित्रांकडं मिठाईचा डबा नेऊ नका, दिवाळीत घराघरात फराळ पडलेला असतो. बहिणीच्या शेतातला तांदूळ न्या, सोबत सीताफळं. शहरातली वहिनी त्यानं जास्त खूश होते.

संध्याकाळचा चहा पाचच्या आत उरका. मूलच्या रस्त्यावर जंगल लागतं, जनावरं आडवी येतात, अंधारात गाडी हाकू नका. मित्र मुक्कामाचा आग्रह धरतीलच. तसं झालं तर बहिणीला दुपारीच फोन करून सांगा, नाहीतर तिच्याकडं रात्रीचा स्वयंपाक होऊन बसलेला असेल.