माळ्यावर टाकलेला वाडा

पत्र थोडक्यात असं: ‘आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. मुलगा बारावी सायन्सला आहे, त्याला इंजिनिअरिंगला पाठवायचंय. अकरावीत गणितात ५८ आले. पुठ्ठ्याचा छोटा वाडा करून त्याचं शूटिंग करतो, गच्चीवर हिरवं कापड लावून मित्राचं करतो आणि मग कॉम्प्युटरवर मित्राला वाड्याच्या पायरीवर उभा करतो. तेही नीट जमत नाही, मित्राचे पाय पायरीवरून सरकतात. यात पुढे काही नसेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे त्याला दाखवता येईल. वाडा मी माळ्यावर टाकला आहे. गणितात ८० आले की खाली काढीन. वेळ कुठे जातो ते कळावं म्हणून त्याच्या वहीचं एक पान जोडतो.’

तुमच्या ‘त्याला दाखवता येईल’ या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. सल्ला विचारताना तुम्ही मुलाविरुद्ध साक्षीदार शोधताय, आणि ते काम मी करणार नाही. तीन पानी पत्रात त्याच्या तोंडचं एक वाक्य नाही. तो जेवताना बोलत नाही अशी तक्रार आहे, पण कधीपासून बोलत नाही ते लिहिलेलं नाही. वाडा माळ्यावर गेला त्या दिवसापासून का? सतरा वर्षांच्या मुलाच्या हातची वस्तू उचलून टाकायची आणि ती परत मिळण्यावर मार्कांची अट घालायची, याला शिस्त म्हणू नका. त्याने मुलगा गणिताचा राग करायला शिकतो.

आता ते पान. तुम्ही ते पुरावा म्हणून पाठवलंत, पण नीट वाचलं नाहीत. दोन रकाने आहेत, ‘खरं’ आणि ‘मॉडेल’. वाडा एकास बारा मापाचा. गच्चीवर कॅमेरा २४० सेंटिमीटर सरकला, म्हणून मॉडेलसमोर २०. उंची १४४, तिथे १२. खाली दोनदा अधोरेखित केलंय: ‘अंश तेच, १८. भागायचे नाहीत.’ लांबी मापाने भागायची, कोन मात्र तसाच ठेवायचा, हे त्याला कोणी शिकवलेलं दिसत नाही. स्वतःच शोधलंय. ५८ मार्कांच्या मुलाचं हे पान आहे. तुम्ही त्याचं गणित माळ्यावर टाकलंत आणि खाली गणिताची शिकवणी लावलीत.

‘हे सगळं आता कॉम्प्युटर करतो, यात अभ्यास कसला’ असंही तुम्ही लिहिता. हा गैरसमज घरोघरी आहे. मुंबईत मॅचमूव्हचं, म्हणजे खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल कॉम्प्युटरमध्ये हुबेहूब बसवण्याचं काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला मी तुमचं नाव झाकून ते पान दाखवलं. तिने पहिला प्रश्न विचारला, फोन ट्रायपॉडवर कसा बसवला होता? फोनची लेन्स फिरण्याच्या आसापासून समजा ५ सेंटिमीटर दूर आहे. गच्चीवर ५ सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. पण एकास बाराच्या वाड्यासमोर तेच ५ सेंटिमीटर ६० सारखे वागतात. कॅमेरा १८ अंश फिरेपर्यंत लेन्स त्या हिशेबाने जवळजवळ वीतभर जास्त सरकते, आणि मित्राचे पाय पायरीवरून घसरतात. सॉफ्टवेअर हिरवा रंग काढून देईल, पण ही चूक आधी माणसाच्या लक्षात यावी लागते. उद्या त्याला वाड्यासमोर पाणी ओतायचं असेल तर सेकंदाला २४ ऐवजी सुमारे ८३ चित्रं घ्यावी लागतील, कारण पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमूळाप्रमाणे बदलतो. हे अकरावीचं फिजिक्स आहे. १९७७ साली आलेल्या ‘स्टार वॉर्स’ या सिनेमासाठी जॉन डायकस्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच हालचाल पुन्हा पुन्हा हुबेहूब करणारा कॅमेरा तयार केला, तोही मोटारी आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या जोरावर.

परीक्षांचं म्हणाल तर गुजकेट आणि जेईई मेन या इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षा देऊ द्या, जोडीला एनआयडी आणि यूसीड या डिझाइनच्या परीक्षांची तयारी. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेतला कॅमेऱ्याचा अभ्यासक्रम पदवीनंतर आहे. फक्त बटणं शिकवणाऱ्या महागड्या व्हीएफएक्स (कॉम्प्युटरवरची दृश्य-करामत) डिप्लोमात बारावीनंतर लगेच पैसे घालू नका. आणि हे त्यालाही वाचून दाखवा: निव्वळ मिनिएचरवर, म्हणजे अशा छोट्या मॉडेलांवर, पोट भरेल इतकं काम आपल्याकडे नाही. मॅचमूव्हमध्ये नोकऱ्या आहेत, पण सुरुवातीला पगार कमी, तास फार, आणि सोपे शॉट सॉफ्टवेअर आपोआप सोडवू लागलंय. अवघड शॉट ज्याला भूमिती कळते त्याच्याकडे येतात. म्हणून मला त्याच्यासाठी इंजिनिअरिंग किंवा फिजिक्सची पदवी वाईट वाटत नाही. तुमचा रस्ता चुकीचा नाही, त्यावर त्याला ज्या तऱ्हेने ढकलताय ती चुकीची आहे.

तुम्ही बडोद्याचे, म्हणून एक सांगते. दादासाहेब फाळके ज्या कलाभवनात शिकले, ते १८९० साली सयाजीराव महाराजांनी सुरू केलं. आज एम. एस. युनिव्हर्सिटीची इंजिनिअरिंगची फॅकल्टी त्याच कलाभवनातून झालेली आहे. जिथे तुम्हाला मुलाला पाठवायचंय, तिथे एकेकाळी चित्रकला आणि यंत्रं एकाच आवारात शिकवली जात.

वाडा या रविवारी खाली काढा, कुठलीही अट न घालता. मग लेन्स नेमकी फिरण्याच्या आसावर आणायला त्याच्याबरोबर एवढं करा. दोन अगरबत्त्या उभ्या करा, एक फोनपासून हातभर, दुसरी खोलीच्या टोकाला, अशा की पुढचीच्या आड मागची झाकली जाईल. फोनमधलं स्टॅबिलायझेशन बंद करा, ते चित्र आपल्या मर्जीने हलवतं. तुम्ही ट्रायपॉड हळूहळू फिरवा, त्याला स्क्रीन बघू दे. मागची अगरबत्ती डोकावली की तो सांगेल. मग फोन थोडा मागे किंवा बाजूला सरकवा आणि पुन्हा फिरवा, ती डोकावायची थांबेपर्यंत.